थावराभाऊंचं ऑइल

जीपच्या इंजिनात नवं ऑइल ओतून झालं की आमचे ड्रायव्हर थावराभाऊ राठोड रिकामा कॅन जमिनीवर आडवा ठेवत, त्यावर डावा पाय देत आणि मोठ्या स्क्रूड्रायव्हरने त्याला तीन ठिकाणी भोसकत. दोन भोकं बुडाला, एक पोटाला. मग झाकण दगडाने ठेचत. हा प्रकार मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा औंढा नागनाथच्या जनावरांच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणून रुजू होऊन मला दोनच दिवस झाले होते. या माणसाच्या शेजारी बसून आता तांड्या-तांड्यांवर फिरायचंय, या विचाराने मी जरा अंग चोरूनच उभा होतो.

"चांगला कॅन होता की," मी म्हणालो. "घरी पाणी भरायला झाला असता."

"सायब, ह्यो साबूत बाहीर गेला की आठ दिसात जळकं आईल भरून परत येतो. वरून लेबल नवं, आतून मुडदा."

"कोण भरतं?"

"ते ठावं असतं तर डबा कशाला फोडला असता?"

ठेचलेलं झाकण त्यांनी उचललं, निरखून पाहिलं आणि आणखी एक दगड घातला.

थावराभाऊ तेव्हा पन्नाशीला टेकले असतील. अंगाने काटक, खाकी शर्टाची गळ्याजवळची गुंडीसुद्धा लावलेली, आणि समोरच्याकडे बघताना एक डोळा किंचित बारीक. तो बारीक झाला की समजायचं, आपली तपासणी चालू आहे. त्यांचा तांडा औंढ्यापासून सात-आठ किलोमीटरवर, माळाच्या पलीकडे. आजोबा बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य वाहायचे, वडिलांनी नांगर धरला, थावराभाऊंनी स्टिअरिंग. संशय मात्र तिन्ही पिढ्यांत जसाच्या तसा उतरला होता. "आमचा आजा गोणीत कोपरापस्तोर हात घातल्याबगर माल उचलीत नव्हता," ते अभिमानाने सांगत. "वरचे गहू सगळ्यांचेच चांगले असतेत."

आमची जीप जुनी, डिझेलची. डांबरी रस्ता तिच्या नशिबी फार कमी. बाकी सगळं काळ्या मातीतून, ओढ्यातून, बैलगाडीच्या चाकोरीतून, दुसऱ्या गिअरमध्ये कण्हत. खात्याचा नियम असा की पाच हजार किलोमीटरला ऑइल बदलायचं. थावराभाऊ तीन हजारालाच बदलायचे, आणि त्यावरून दर वेळी कागदावर सही करताना माझं डोकं उठायचं.

"नियम पाच हजाराचा आहे, थावराभाऊ."

"त्यो नियम डांबरी रोडवर बसून लिवलेला हाय. आपली गाडी एका तासात आठ किलोमीटर चालती. इंजिन मात्र तासभर बराबर फिरून राह्यतं. मीटर किलोमीटर मोजतो, सायब. इंजिनाची तकलीफ कोण मोजतं?"

मी सही करायचो. दुसरा मार्ग नव्हता, कारण सही होईपर्यंत ते समोरून हलत नसत.

ऑइल बदलायचा दिवस म्हणजे आमच्या दवाखान्यात सत्यनारायणाइतकी तयारी. आधी जीप ओढ्यापर्यंत नेऊन आणायची, म्हणजे ऑइल गरम होतं. "थंड आईल आर्धं आतच बसून राह्यतं, आन् गाळ बी संगं ठिवून घेतं," हे त्यांचं म्हणणं. मग सपाट जागा बघून गाडी लावायची, खाली घमेलं सरकवायचं आणि इंजिनाखालच्या ऑइल-चेंबरचा बोल्ट खोलायचा. धार संपून थेंब सुरू झाले की ते तिथेच उकिडवे बसत. शेवटचा थेंब पडेपर्यंत अर्धा-पाऊण तास जायचा. बसण्याची जागा अशी निवडत की एका नजरेत बोल्टाचं भोक दिसावं आणि दुसऱ्या नजरेत नवा कॅन. मध्ये कोणी चहाला बोलावलं तर कॅन काखेत मारून जात.

निथळलेलं ऑइल ते पांढऱ्या ताटलीत घेऊन उन्हात धरत. चकाकी दिसली तर धातू झिजतोय. दुधाळ दिसलं तर ओढ्याचं पाणी आत शिरलंय. मग दोन बोटांत चोळायचं आणि शेवटी नाकाला लावायचं. डिझेल मिसळलं असेल तर वासात कळतं म्हणे. मी एकदा हुंगून पाहिलं. मला फक्त ऑइलचा वास आला. थावराभाऊंनी माझ्याकडे दयेने पाहिलं.

हे जुनं ऑइल ते पत्र्याच्या डब्यात भरून घरी नेत. आमच्या ऑफिसातल्या बाबूंनी एक दिवस माझ्या टेबलावर झुकून हळूच सांगितलं, "डॉक्टरसाहेब, राठोड ते जळकं ऑइल नेतो कुठं, ते एकदा बघा. त्याला गिऱ्हाईक असतंय." बाबूंचं थावराभाऊंशी पटत नव्हतं, हे मला माहीत होतं. ऑफिसच्या बॅरलमधलं ऑइल थावराभाऊ गाडीत घालत नसत. वसमतहून आपल्या पसंतीचं आणत. बॅरल बाबूंच्या ताब्यात असल्यामुळे हा त्यांना आपल्यावरचा आळच वाटायचा. तसा तो होताच. तरी किडा डोक्यात शिरला तो शिरलाच. एका संध्याकाळी तांड्यावर एक म्हैस बघायचं निमित्त काढून मी न सांगता थावराभाऊंच्या दारात हजर झालो.

थावराभाऊ अंगणात बसून जुन्या ऑइलमध्ये ओंजळी-ओंजळीने माती कालवत होते. शेजारी कुंपणाचे खांब पडलेले. वाळवी लागू नये म्हणून ते ऑइल खांबांना चोपडायचं होतं. माती कशाला, असं मी विचारलं. ते म्हणाले, नुसतं ऑइल कोणी मागून नेलं तर फडक्यातून गाळून, उकळून पुन्हा कॅनात भरेल. माती कालवली की त्याला कोणी हात लावत नाही. एवढं सांगून ते थांबले आणि म्हणाले, "सायब, म्हैस बघाया आले का आईल?"

खोटं बोलण्यात अर्थ नव्हता. "दोन्ही," मी म्हणालो.

मला वाटलं, माणूस आता आठ दिवस तोंड फिरवून गाडी चालवणार. पण थावराभाऊ खूश झाले. मनापासून. "बराबर केलं," ते म्हणाले. "बघाया पायजे. मानसानं सांगितलं म्हून ऐकून घेऊ न्हाई." त्यांनी मला बाज टाकून दिली आणि बायकोला चहा ठेवायला सांगितला. त्या दिवसापासून मला ते आवडायला लागले.

वसमतच्या स्टँडजवळ हाजीसाहेबांचं दुकान होतं. थावराभाऊ ऑइल फक्त तिथूनच घेत, याचा अर्थ हाजीसाहेबांवर विश्वास होता असा नव्हे. दहा कॅन काढायला लावत. प्रत्येकाचं सील नखाने चाचपत, बुडाचा नंबर आणि झाकणाचा नंबर जुळवत, कॅन कानाशी धरून हलवत. हाजीसाहेब पांढऱ्या दाढीवरून हात फिरवत बसून राहत. एकदा ते कंटाळून म्हणाले, "थावराभाऊ, मेरे बाप पे भी शक करोगे क्या?"

"तुमच्या बापावर न्हाई, हाजीसाब. डब्यावर करून राहिलो."

त्याच दुकानात एकदा नव्या प्रकारचं ऑइल आलं. तोपर्यंत आमची जीप चाळीस नंबरचं जाड ऑइल पीत होती. नव्या डब्यावर पंधरा-चाळीस असं लिहिलेलं. थावराभाऊंनी तो डबा खाली ठेवला. "पंधरा बी आन् चाळीस बी? एका मानसाला दोन वयं कशी असतीन?" हाजीसाहेबांनी समजावलं, की थंडीत ते पातळ राहतं आणि इंजिन तापलं तरी जाडपणा सोडत नाही. थावराभाऊंनी दोन्ही ऑइलं थोडी-थोडी घेतली, माझ्याकडच्या लसीच्या दोन रिकाम्या बाटल्यांत भरली आणि पौषातल्या थंडीत घराच्या पत्र्यावर ठेवून दिली. पहाटे उठून दोन्ही बाटल्या उलट्या करायच्या आणि कोणतं आधी ओघळतं ते बघायचं. असं सलग सात दिवस चाललं. आठव्या दिवशी ते मला म्हणाले, "दोन वयाचं आईल खरं बोलून राहिलं, सायब." त्या थंडीपासून आमची जीप सकाळी पहिल्या सेल्फला सुरू होऊ लागली.

माझ्यावर त्यांचा विश्वास बसला तो लसीवरून. लाळ्या-खुरकुताची लस बर्फात ठेवावी लागते, नाहीतर ती नुसतं पाणी. एका उन्हाळ्यात आम्ही एका तांड्यावर पोचलो तेव्हा पेटीतला बर्फ पार वितळलेला. दीडशे जनावरं बांधून लोक सकाळपासून थांबले होते. तांड्याचे नाईक म्हणाले, "टोचा हो सायब, कुणाला कळतंय." मी सगळ्या बाटल्या त्यांच्यासमोर दगडावर फोडल्या, फोडताना प्रत्येकीचा नंबर वहीत लिहिला, आणि पुढच्या आठवड्यात येतो म्हणून सांगितलं. लोक चिडले. मी शिव्याही खाल्ल्या. थावराभाऊ जीपला टेकून हे सगळं बघत होते. परतताना त्यांनी गाडी दुसऱ्या गिअरमध्ये टाकली. मग समोर रस्त्याकडे बघतच म्हणाले, "सायब, आजपून तुमचा शब्द मी हुंगून बघणार न्हाई."

माझी छाती फुगली, हे कबूल करतो. इतक्या वर्षांत त्यांनी असं कोणालाच म्हटलं नव्हतं. बायकोलासुद्धा नसावं.

पुढे हिंगोली वेगळा जिल्हा झाला, साहेब बदलले, बाबू तेच राहिले. एका फाल्गुनात थावराभाऊंनी मुलीच्या लग्नासाठी बारा दिवसांची रजा टाकली. जाण्याआधी त्यांनी ऑइल बदललं, डबा भोसकला आणि मला बजावलं, "मी येस्तोवर बोनट उघडू देऊ नका." मी मान डोलावली. तिसऱ्याच दिवशी कनेरगाव नाक्याच्या बाजूला खुरकुताची साथ फुटली. बदली ड्रायव्हर रंगनाथ आणि मी रोज सकाळी निघून अंधार पडेपर्यंत हिंडत होतो. वाशीम रोडवर एका ठिकाणी त्याने सहज बोनट उघडलं, ऑइल मोजायची पट्टी ओढली आणि मला दाखवली. ऑइल काळंकुट्ट. "साहेब, ह्याचा कोळसा झालाय. इंजिन बसंल."

डिझेल इंजिनाचं ऑइल दोन दिवसांतच काळं पडतं आणि काळं पडलं म्हणजे ते आपलं काम करतंय, हे थावराभाऊंनी मला किमान वीस वेळा सांगितलं होतं. वीस वेळा मी हूं हूं केलं होतं. त्या क्षणी मला फक्त दुसऱ्या दिवशीची चार गावं दिसत होती. समोरच एक स्पेअर पार्टचं दुकान होतं. मी म्हटलं, बदलून टाका. दुकानदाराने उभ्या-उभ्या बोल्ट खोलला, अर्धं निथळलं न निथळलं तोच लावला आणि नवं ऑइल ओतलं. लांबून मधासारखं पिवळंधमक दिसत होतं. मला बरं वाटलं. मी झाडाखाली बसून लसीची वही पुरी करत होतो.

थावराभाऊ परत आले ते हाताला लागलेली हळद घेऊनच. आल्या-आल्या त्यांनी पट्टी ओढली, चोळली, हुंगली. पुन्हा हुंगली. मी व्हरांड्यात होतो, तिथे ते पट्टी घेऊनच आले.

"सायब, कुणी बोनट उघडलं व्हतं का?"

"नाही," मी म्हणालो.

का म्हणालो, ते आजही नीट सांगता येत नाही. रंगनाथचं नाव घ्यावं तर त्याच्यावर कातावतील, माझं घ्यावं तर त्या नजरेला तोंड द्यावं लागेल. काम आटोपलं होतं, गाडी चालत होती. एवढ्याशा 'नाही'ने काय बिघडतंय, असं वाटलं.

"वास निराळा येऊन राहिला."

"लग्नात तूप खाल्लंत, थावराभाऊ. नाक जड झालं असेल."

त्यांनी पट्टी उन्हात धरून पाहिली. दुसऱ्या कोणी असं सांगितलं असतं तर त्यांनी त्याच तासाला घमेलं काढून सगळं ऑइल खाली केलं असतं, याबद्दल मला तेव्हाही शंका नव्हती. मग त्यांनी पट्टी फडक्याला पुसली. "तुमी म्हणता म्हंजी न्हाई," ते म्हणाले आणि ती जागच्या जागी घालून आले. मी लगेच बोलायला हवं होतं. मी आत जाऊन रजिस्टर उघडलं.

तीन आठवड्यांनी एका चढावर इंजिनातून ठोके यायला लागले, आणि थावराभाऊंनी किल्ली बंद करायच्या आतच ते जाम झालं. वसमतच्या मिस्त्रीने चेंबर उतरवला तेव्हा आत डांबरासारखा गाळ होता आणि बेरिंगांचा चुरा. "ये ऑइल नहीं, कचरा है," तो म्हणाला. थावराभाऊ त्या गाळात बोट घालून नुसते बघत राहिले.

जिल्ह्याहून चौकशीला एक साहेब आले. प्रश्न सरळ होता. ऑफिसच्या बॅरलमध्ये ऑइल असताना ड्रायव्हरने बाहेरचं घातलं आणि इंजिन गेलं, याला जबाबदार कोण? बाबू दारात उभे होते. थावराभाऊंना विचारलं, की ऑइल कोणी घातलं, मध्ये दुसऱ्या कोणी बदललं का.

"मीच घातलं. दुसऱ्या कुणाचा हात लागला न्हाई," थावराभाऊ म्हणाले. "डाक्टरसायबांना इचारा."

साहेबांनी मला विचारलं. त्या खोलीत रंगनाथ नव्हता, वाशीम रोडचा दुकानदार नव्हता. मला आधी एक खोटं मागे घ्यावं लागलं असतं, मग खरं काय ते सांगावं लागलं असतं, आणि तेही बाबूंच्या देखत. "माझ्या माहितीप्रमाणे नाही," मी म्हणालो आणि त्याखाली सही केली.

थावराभाऊंना जीपवरून काढून जिल्ह्याच्या ऑफिसच्या फाटकावर बसवलं. नोकरी राहिली, स्टिअरिंग गेलं. मला वाटलं होतं, ते आरडाओरडा करतील, हाजीसाहेबांच्या दुकानात जाऊन भांडतील. ते तिकडे गेलेच नाहीत. हाजीसाहेबच मला म्हणाले, "वो आके गाली देता तो अच्छा था, डॉक्टरसाब. वो आता ही नहीं." थावराभाऊंनी मनाशी ठरवलं होतं, की सील तपासताना आपलीच चूक झाली आणि पट्टीचा वास घेतला तेव्हाही आपल्यालाच कळलं नाही. कोणी आपल्या ट्रॅक्टरचं ऑइल दाखवायला आणलं तर म्हणत, "मला नका दाखवू. मला वळखू येत न्हाई आता." माणसाची गाडी काढून घेतली ती खात्याने. हे मात्र मीच काढून घेतलं होतं.

दीड वर्षाने माझ्या बदलीचा हुकूम आला. निघायच्या आदल्या दिवशी, रविवारी, मी सगळा प्रकार एका कागदावर लिहिला. तारीख, दुकान, रंगनाथचं नाव, माझं 'नाही'. खाली सही केली आणि तांड्यावर गेलो. थावराभाऊ अंगणात तूर निवडत बसले होते. मी कागद वाचून दाखवला आणि उद्याच साहेबांना नेऊन देतो म्हणालो. त्यांनी सूप बाजूला ठेवलं.

"सायब, तुमी चालले. जाता-जाता माझं बरं व्हावं म्हून लिवलं व्हय?"

"नाही थावराभाऊ. हे खरं आहे. ऑइल मीच बदलायला लावलं."

"डब्याचं सील कोणी तोडलं?"

मला आठवेना. मी पाहिलंच नव्हतं.

"नंबर काय व्हता डब्याचा?"

"नाही पाहिला."

"बोल्टाला वायसर नवं टाकलं का जुनंच?"

झाडाखाली बसून मी वही लिहीत होतो, हे सांगितलं. ते मान हलवत हसले. खूप दिवसांनी हसताना पाहिलं त्यांना.

"बघा. खरं असतं तर तुमाला सगळं सांगता आलं असतं. फोडायच्या बाटलीचा बी नंबर लिवणारे मानूस तुमी. तुमच्यासमोर कुणी डबा खोलला आन् तुमी बघितलं न्हाई, हे मी कसं मानू?"

"थावराभाऊ, शपथेवर सांगतो."

"नका सांगू. आईल माझ्याच हातानं खराब निघालं. तुमी मन मोठं करून राहिले, पण खोट्या कागदावर मला गाडी नको." त्यांनी कागदाच्या नीट चार घड्या घातल्या आणि तो माझ्या शर्टाच्या खिशात ठेवला. मग बायकोला हाक मारून म्हणाले, "सायब आलेत. दुधाचा च्या कर."

मी चहा घेतला. आम्ही लेकीच्या सासरचं, माझ्या नव्या गावचं असं बरंच बोललो. निघताना ते तांड्याच्या टोकापर्यंत पोचवायला आले.

दुसऱ्या दिवशी माझी बस हिंगोलीत जिल्ह्याच्या ऑफिससमोरून गेली. अकरा वाजले होते, ऑफिस उघडं होतं, कागद खिशात होता. त्यांना तो नको होता, असं मी स्वतःला सांगितलं आणि उतरलो नाही. थावराभाऊ फाटकावरूनच निवृत्त झाले आणि चार वर्षांनी वारले.